मूठभर वाळू

अल्विनाच्या नाकावर राग असतो असं लोक म्हणतात, ते अर्धवट खरं आहे. राग तिच्या उजव्या मुठीत असतो. वाळूच्या टेकड्यांवर पाहुण्यांच्या क्वाड बाइकची, म्हणजे चार जाड चाकांच्या गाड्यांची, रांग निघते, पुढे अल्विना असते, आणि तिने मूठ वर केली की मागच्या सगळ्या गाड्या जागच्या जागी थांबतात. मागे कोणी जर्मन डॉक्टर असो की केपटाऊनचा दुकानदार, मूठ वर म्हणजे थांबायचं, तळवा खाली म्हणजे हळू, आणि बाकी सगळा वेळ पुढच्याच्या चाकोरीत चाक ठेवायचं. टेकड्यांच्या मधे खडीची सपाट जमीन लागते. तिथे एकदा चाक उमटलं की माणूस म्हातारा होऊन मरतो, तरी ती रेघ पुसत नाही. निघण्याआधी अल्विना प्रत्येकाच्या हेल्मेटचा पट्टा स्वतः ओढून बघते आणि ठरलेलं वाक्य टाकते.

"मी जे करेन तेच तुम्ही करायचं. मी थांबले की थांबा, मी उतरले की उतरा. मी मेले तर तिथेच बसून राहा, कोणीतरी येईल."

पाहुणे हसतात. ती हसत नाही.

एवढा रुबाब तिला कोणी बशीत घालून दिला नव्हता. तिचा जन्म कुइसेब नदीच्या मुखाशी, नाराच्या झुडपांत झाला. नदी आपली म्हणायची, पाणी तिला आठवण होईल तेव्हा येतं. पण वाळूखाली ओल असते, आणि त्या ओलीवर नारा जगतो. झुडपाला पान एक नाही, नुसते काटे, आणि त्या काट्यांत खरबुजाएवढी फळं. आम्हा टोपनार लोकांचं सगळं त्याच्यावर चालत आलं. गर शिजवायचा, बिया वाळवायच्या, उरलेली साल गाढवांना. अल्विना चालायला लागली तशी आईच्या मागे काठी घेऊन फिरायला लागली. काठीने फळ हलवायचं, देठ सहज सुटला तर पिकलं, नाहीतर पुढे जायचं, हे तिला अक्षरांआधी आलं. मग शहरातल्या वसतिगृहात शाळा, मग वॉल्विस बेच्या मासळीच्या कारखान्यात नोकरी. तिथून घरी आली की गाढवंसुद्धा तोंड फिरवायची. शेवटी ती क्वाडच्या कंपनीत हेल्मेटं धुवायला लागली. गाड्या धुवायला एका जागेवरून दुसऱ्या जागेवर न्यायच्या असत, ते करता करता चालवायला शिकली आणि भांडून भांडून परवाना काढला. रांगेच्या पुढे चालणारी ती कंपनीतली पहिली बाई. त्या खुर्चीवर तिचा जीव होता, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तिने जे केलं ते खुर्चीची किंमत ठाऊक नसलेल्या बाईने केलेलं नाही.

आता त्या झोपलेल्या म्हातारीचं सांगायला हवं.

अल्विनाच्या आईचं, कट्रिनाबाईंचं, नाराचं शेत आहे. त्याच्या कडेला वाळूत एक म्हातारी झोपलेली आहे. आम्ही तिला ओऊमा म्हणतो, म्हणजे आजी. कधीची आहे कोणाला ठाऊक नाही. गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर निजली आहे, गळ्यात शहामृगाच्या अंड्याच्या टरफलाचे मणी. हिवाळ्यात पूर्वेचा वारा सुटला की वाळू सरकते आणि कधी तिचा खांदा, कधी कपाळ उघडं पडतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, म्हातारी माणसं झोपेत पांघरूण फेकतातच. जाणाऱ्या-येणाऱ्याने थांबायचं, मूठभर वाळू तिच्या अंगावर टाकायची, कोण आलंय ते तिला कळावं म्हणून आपलं नाव सांगायचं, आणि आपल्या वाटेने जायचं. शेत कट्रिनाबाईंचं का, तर त्यांच्या घराने पिढ्यान्‌पिढ्या तिला झाकलं म्हणून. दुसरा कागद नाही आणि आजवर कोणी मागितलाही नव्हता.

मग एका सहलीत कोणा पाहुण्याची गाडी चाकोरी सोडून घसरली आणि त्याला ओऊमाचं कपाळ दिसलं. त्याने फोटो काढला. तो फोटो कंपनीचा मालक, रिआन साहेब, याच्यापर्यंत पोहोचला आणि त्याचे डोळे लकाकले. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात असं आपण ऐकतो. इथे लोणी कधीच वाळून गेलं होतं, नुसती टाळू उरली होती, तीसुद्धा याने विकायला काढली. आठवडाभरात कचेरीबाहेर रंगीत पाटी लागली: वाळवंटाची नवरी. गोष्टही तयार झाली, की नवऱ्याच्या भेटीला निघालेली एक नवरी वाटेत तहानेने मेली. माणसाला हाडांवरसुद्धा खोटं बोलायला लाज वाटत नाही, हे मला तेव्हा कळलं.

ओऊमा रोज नीट दिसावी म्हणून एक माणूस नेमला. अल्विनाचा चुलतभाऊ, गोत्लीब. साहेबाने त्याच्या हातात मऊ केसांचा ब्रश दिला. सकाळी धुकं असतानाच गोत्लीब पुढे जायचा आणि म्हातारीच्या अंगावरची वाळू झाडून ठेवायचा, आणि पाहुणे जाईपर्यंत तिथेच राखणीला थांबायचा. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो असा.

अल्विना तिथे थांबायचीच नाही. आपली रांग ती दुसऱ्या टेकडीवरून घेऊन जायची, आणि शेवटची सहल झाली की चाकोऱ्या तपासायचं निमित्त करून मागे फिरायची, ओंजळी भरभरून ओऊमाला झाकायची, नाव सांगायची. सकाळी गोत्लीब पुन्हा उघडायचा. असं ते चाललं होतं. एक झाकतेय, एक झाडतोय, आणि मधल्या मधे बिचाऱ्या म्हातारीला झोप नाही.

एकदा संध्याकाळी विसरलेला ब्रश न्यायला गोत्लीब परत आला आणि दोघं समोरासमोर आली.

"हात दुखत नाहीत का तुझे, आउसी?" तो म्हणाला. थोरल्या बहिणीला आमच्यात आउसी म्हणतात.

"तुझे दुखतात का झाडून?"

"मला सांगितलंय ते मी करतो."

"उद्या तुझ्या आईला झाडायला सांगितलं तर?"

"आई जिवंत आहे माझी."

"मग काय, थांबतील की थोडं. साहेबाला धीर आहे."

गोत्लीबचं तोंड उतरलं, पण गडी गप्प बसणाऱ्यातला नव्हता. "गोऱ्यांच्यात कबर झाडतातच. टानी हेस्टर, साहेबाची आई, दर रविवारी झाडू घेऊन नवऱ्याच्या कबरीवरची वाळू काढते. तिला जाऊन ओरडतेस का?"

"ती वरचा दगड झाडते रे, गाढवा! नवऱ्याला अंथरुणातून बाहेर ओढते का?"

"तुला सोपं आहे बोलायला. तू रांगेच्या पुढे बसतेस. मी इतकी वर्षं हेल्मेटांतला लोकांचा घाम पुसतोय. हा ब्रश हातात आल्यापासून साहेब मला नावाने हाक मारतो. त्याआधी मी 'ए' होतो, नुसता 'ए'."

"आता 'ए ब्रश' झालास," अल्विना म्हणाली आणि गाडीवर बसली. घरी जाताना तिला रडू आलं. रागाचं रडू होतं ते. त्याचं बोलणं पुरतं खोटं नव्हतं म्हणून आणखीच राग.

नाराचा हंगाम आला. कट्रिनाबाई गाढवगाडीत गर शिजवायचा ड्रम, पोती, काठ्या घालून शेतावर मुक्कामाला आल्या. दरवर्षीप्रमाणे आधी ओऊमाला नाव सांगायला गेल्या. म्हातारी कंबरेपर्यंत उघडी होती. भोवती बुटांचे ठसे. कट्रिनाबाई खाली बसल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं. गळा रिकामा होता.

"मणी कुठेत?"

कोणालाच ठाऊक नव्हतं. कोणत्या तरी पाहुण्याच्या खिशातून ते विमानात बसले होते. गोत्लीब म्हणाला, मी टेकडीमागे जरा मोकळा व्हायला गेलो होतो. एवढाच त्याचा जबाब.

कट्रिनाबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी ड्रम गाडीतून उतरवला, उपडा टाकला आणि त्याच्यावर बसल्या. "यंदा मी तोडणार नाही," त्या म्हणाल्या.

"आई, मी रोज संध्याकाळी झाकते तिला," अल्विना म्हणाली.

"तू झाकतेस. पण उघडलं तू नाहीस. ज्या हाताने उघडलं त्याच हाताने झाकलं पाहिजे, तोवर ती जागीच असते. घरची बाई उघडी-वाघडी जागी बसलीय, आणि मी तिच्या दारातलं फळ तोडू?"

"हंगाम वाया जाईल."

"जाईल."

"शेत न तोडता सोडलं की दुसरे येऊन तोडतात. मग ते आपलं राहत नाही."

"मला शिकवतेस?" कट्रिनाबाई म्हणाल्या. त्यानंतर त्या शेतावरच राहिल्या, चहा पीत, थंड ड्रमावर बसून. फळं पिकत होती आणि कोल्ह्यांची चंगळ चालली होती.

अल्विनाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती सरळ कचेरीत घुसली.

रिआन साहेबाने सगळं ऐकून घेतलं. वाईट माणसं नेहमी ओरडतात असं नाही, हा तर फार गोड बोलायचा. "अल्विना, मण्यांचं मलाही वाईट वाटतं. आपण दोरी बांधू. पण ही तुमची संस्कृती आहे, जगाने बघायला नको?"

"झोपलेली बाई आहे ती, साहेब."

"येत्या शनिवारी परदेशी सहल कंपन्यांची माणसं येताहेत. रांग तू न्यायचीस. नवरीपाशी थांबायचं आणि गोष्ट तू सांगायचीस. तुमच्यातल्या कोणाच्या तोंडून ऐकलं की जास्त खरी वाटते. नसेल जमत, तर हेल्मेट टेबलावर ठेव आणि जा."

अल्विनाने खिडकीबाहेर बघितलं. धुतलेल्या क्वाड ओळीने उभ्या होत्या. "जमेल," ती म्हणाली. "मुक्काम दाखवते त्यांना. गोष्टही सांगते."

शनिवारी धुकं लवकर उठलं. गोत्लीब पहाटेच ब्रश घेऊन पुढे गेला होता. अल्विनाने पट्टे ओढले, आपलं वाक्य म्हटलं, आणि रांग निघाली. शेपटाला स्वतः रिआन साहेब. खाडी गेली, मिठाची सपाटी गेली, पहिली टेकडी चढून झाली. पाहुणे खूश, आरोळ्या मारताहेत. दुसऱ्या टेकडीवर डावीकडे नदीच्या मुखाकडे वळायचं, तिथे अल्विना उजवीकडे वळली. साहेबाने मागून हॉर्न वाजवला असेल, हात केले असतील. पण पुढच्याला मागे टाकायचं नाही, चाकोरी सोडायची नाही, हा नियम त्यानेच कचेरीच्या भिंतीवर लावला होता, आणि सहल कंपन्यांच्या लोकांसमोर तो मोडायची त्याची छाती झाली नाही. रांग मोठा वळसा घालून शहराच्या कडेला आली. तिथे दफनभूमीची भिंत आहे. एका बाजूने वाळू भिंतीच्या उंचीएवढी चढली आहे. अल्विना तिच्या माथ्यावर गेली आणि तिने मूठ वर केली. इंजिनं बंद झाली.

तेव्हा तिला खाली टानी हेस्टर दिसली.

टानी, म्हणजे मावशी, रविवारी येते, हे अल्विनाला पक्कं ठाऊक होतं. पण त्या रविवारी चर्चमध्ये काही कार्यक्रम होता, म्हणून म्हातारी शनिवारीच झाडू घेऊन आली होती. हा घाव त्या बाईसाठी नव्हता. पण मूठ वर गेली होती, आणि आमची अल्विना एकदा वर केलेली मूठ मागे घेणारी नव्हे. ती उतरली. पाहुणे उतरले. ती भिंतीवरून आत गेली, मागोमाग सगळे गेले, नियमच होता तसा. साहेबाच्या वडिलांच्या काळ्या संगमरवरी दगडाभोवती त्यांचं कोंडाळं झालं.

"हा आपला मुक्काम," अल्विना सहलीच्या ठेवणीतल्या आवाजात म्हणाली. "इथे वाळवंटाचा नवरदेव झोपला आहे. नवरीच्या भेटीला निघाला आणि तहानेने मेला. फोटो काढा. अजून दात दिसत नाहीत, पण काळजी नको. ब्रश आमच्याकडे आहे. दगड काढला की एक माणूस रोज सकाळी येऊन झाडेल."

टानी हेस्टर झाडू धरून बघत राहिली. "याकोबुस हृदयविकाराने गेला, अल्विना," ती भांबावून म्हणाली. "दवाखान्यात. तू आली होतीस ना फुलं घेऊन."

"आले होते, टानी. तो नवरदेव नव्हता हे मला माहीत आहे. आमची ओऊमाही नवरी नव्हती."

रिआन साहेब भिंत उतरून धावत आला. चेहरा लालभडक. "आई, तू घरी जा."

"कोणती नवरी, रिआन?"

साहेबाच्या आईने एकदा पाहुण्यांकडे पाहिलं, एकदा दगडाकडे, आणि झाडू आडवा धरून ती नवऱ्याच्या कबरीपुढे उभी राहिली. कॅमेरे खाली गेले. एकाने तरी फोटो काढलाच. असतो एखादा.

"हेल्मेट," साहेब म्हणाला.

अल्विनाने दिलं. किल्लीही दिली. टानीपाशी जाऊन तिने तिची माफी मागितली. तिची, साहेबाची नव्हे. मग ती फाटकातून चालत निघून गेली.

वाळवंटाच्या नवरीची पाटी उतरली. साहेबाला लाज वाटली म्हणाल, तर नाही. आईची भीती वाटली. टानी हेस्टरने त्याला म्हणे एवढंच विचारलं, की मला पुरलंस की माझ्यावर ब्रश कोण फिरवणार ते आत्ताच सांगून ठेव. पाटी गेली, पण अल्विनाची खुर्चीही गेली. आणि रांगेच्या पुढे कोणाला बसवलं? गोत्लीबला! माझा तर संताप झाला. ज्याने उघडलं त्याला बढती आणि जिने झाकलं तिला वाळू.

अल्विना शेतावर आईकडे गेली. सगळं सांगितलं. "आता तिला कोणी उघडणार नाही, आई. तोडू या?"

"उघडणार नाही, ठीक. झाकलं कोणी?"

"मीच."

"मग बस," कट्रिनाबाई म्हणाल्या.

अल्विना बसली. रागाने धुमसत बसली. रोज टेकडीपलीकडून क्वाडची घरघर यायची आणि निघून जायची. गोत्लीब मान वळवून जातो हे तिला इकडूनसुद्धा कळत होतं. आणखी चार फळं कोल्ह्यांनी फोडली त्या दिवशी तिने आईचा रुमाल डोक्याला बांधला आणि ती टेकडी चढली. घरघर जवळ आली तशी चाकोरीच्या मधोमध उभी राहिली. अंगावर कंपनीचं जाकीट नाही, डोक्याला हेल्मेट नाही. तिने मूठ वर केली.

गोत्लीब थांबला. थांबायचं की नाही हे ठरवायला त्याला वेळच मिळाला नाही, इतकी वर्षं बघितलेली मूठ ती. मागची सगळी रांग थांबली.

"उतर," अल्विना म्हणाली.

"आउसी, पाहुणे आहेत."

"असू देत. बघायचीच होती ना त्यांना संस्कृती? उतर."

तो उतरला. पाहुणेही उतरले. त्यांना त्याने निघताना तिचंच वाक्य ऐकवलं होतं. अल्विना पुढे, गोत्लीब मागे, त्याच्या मागे हेल्मेट घातलेली वरात, असे सगळे उतार उतरून ओऊमापाशी आले. कट्रिनाबाई ड्रमावरून उठल्या नाहीत. सकाळच्या वाऱ्याने म्हातारीचा खांदा पुन्हा उघडा पडला होता.

गोत्लीबने वाकून मूठ भरली. त्याने वाळू टाकली.

"नाव."

"गोत्लीब," तो पुटपुटला.

"मोठ्याने. कोणाचा गोत्लीब? गावात गोत्लीब पुष्कळ आहेत, ब्रशवाला एकच."

"आउसी, पुरे ना."

"मला नको सांगू. तिला सांग."

त्याने घसा खाकरला. "ओऊमा, मी गोत्लीब. कट्रिनाबाईंच्या दिराचा मुलगा." मग थांबून, खाली बघतच तो म्हणाला, "उघडलं मीच होतं. मणी गेले तेव्हा मी जागेवर नव्हतो." आणि कोणी न सांगता गुडघ्यावर बसून तो दोन्ही हातांनी वाळू ओढायला लागला.

पाहुण्यांना काही कळलं नव्हतं. पण पुढचा करेल ते करायचं एवढं त्यांना कळत होतं. एक बाई वाकली, तिने मूठभर वाळू टाकली आणि चाचरत आपलं नाव सांगितलं. मग तिचा नवरा. मग बाकीचे, एकामागून एक. वाळवंटापलीकडची चमत्कारिक नावं ओऊमाने त्या दिवशी ऐकली. त्या नावांत तो मणी नेणाराही असता, तर अल्विनाने त्याला वाळूत गाडला असता. तो नव्हता. मणी गेले ते गेलेच, आणि त्यासाठी तिने कोणाला माफ केलेलं नाही, आजही नाही.

शेवटच्या पाहुण्याने वाळू टाकेपर्यंत तिने मूठ खाली घेतली नाही.

कट्रिनाबाई उठल्या. त्यांनी उपडा ड्रम सरळ केला, काठी घेतली आणि जवळच्या झुडपातलं फळ हलवून बघितलं. देठ सुटला.

"अल्विना," त्या म्हणाल्या, "पोतं आण."